कराटेचा क्लास निवडताना : पाटी वाचू नका, पोरे पाहा

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आमच्या वस्तीच्या नाक्यावर खांबाखांबावर फलक लागतात. कराटे, तायक्वांदो, किक बॉक्सिंग, कुंग फू. पाय डोक्याच्या वर नेलेल्या माणसाचे चित्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘आजच प्रवेश घ्या’. पूर्वी ही हौस ब्लॉकमधल्या आणि बंगल्यातल्या मुलांची होती. आता आपल्या चाळींतून, झोपडपट्टीतून आणि कामगार वसाहतींतूनही पोरे पांढरा ड्रेस घालून संध्याकाळी बाहेर पडताना दिसतात. ते पाहून आम्हाला आनंद होतो.

आनंदाबरोबर काळजीही वाटते, कारण फलक वाचून क्लास कळत नाही. आम्ही नोकरीने कारकून, पण संध्याकाळी विहाराच्या कामात असतो. त्यामुळे अनेक पालक आम्हाला वाटेत गाठून विचारतात, “दादा, पोराला कुठल्या क्लासला घालू?” प्रेशर कुकर घ्यायचा तर चार दुकाने फिरणारी आपली माणसे क्लासच्या बाबतीत मात्र जो जवळ आहे, ज्याची पाटी मोठी आहे, तिथे मुलाला घालून मोकळी होतात. वर्षाची फी एकदम भरतात. तीन महिन्यांनी मूल जायचे बंद होते आणि पैसेही परत मिळत नाहीत.

मागच्या वर्षी आमच्या वस्तीत हा प्रश्न निकडीने पुढे आला. हॉस्पिटलात साफसफाईचे काम करणाऱ्या एका भगिनीची मुलगी नववीत होती. अभ्यासिका रेल्वेच्या पलीकडे. संध्याकाळी पुलावर टवाळ पोरे उभी राहत, शेरे मारीत, एक-दोन वेळा घरापर्यंत मागे आली. आईने मुलीची अभ्यासिकाच बंद केली. “मार्क कमी पडले तरी चालतील दादा, पण पोरगी सुखरूप घरी आली पाहिजे,” असे त्या म्हणाल्या. दिवसभर कामावर असणाऱ्या त्या माऊलीला दोष कोण देणार? पण ज्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, त्या घरातल्या मुलीचे शिक्षण चार टवाळ पोरांच्या मर्जीवर थांबावे, हे कोणाच्याच मनाला पटेना. विहारात बैठक झाली. चौकीत रीतसर अर्ज द्यायचे ठरले आणि वस्तीतल्या मुलामुलींसाठी एक चांगला क्लास शोधायचेही ठरले.

बैठकीत एका वयोवृद्ध उपासकांनी हरकत घेतली. “आपण रोज पंचशील म्हणतो. हिंसेपासून अलिप्त राहू म्हणतो. आणि पोरांना ठोसे मारायला शिकवायचे?” प्रश्न रास्त होता आणि अनेकांच्या मनात तो असेल, म्हणून त्यावर झालेली चर्चा इथे सांगतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात अहिंसेचा विचार करताना बाबासाहेबांनी तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी, हा भेद त्यांनी स्पष्ट केला आहे. अन्यायापुढे मान खाली घालणे म्हणजे अहिंसा, असे धम्म सांगत नाही.

दुसरे उदाहरण महाडचे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर गावात अफवा उठवली गेली आणि परिषदेला आलेल्या आपल्या माणसांवर काठ्यांनी हल्ला झाला. परिषदेत लष्करातून निवृत्त झालेली आपली माणसे होती. उलट हल्ला करण्याची ताकद त्या दिवशी आपल्याकडे होती. बाबासाहेबांनी लोकांना शांत राहायला सांगितले आणि लोकांनी ऐकले. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयात शिक्षा झाली. दुबळा माणूस गप्प बसला तर त्याला कोणी संयमी म्हणत नाही. अंगात ताकद असून ती आवरता येते, तो संयम. आपल्या पोरांना हीच गोष्ट शिकायची आहे.

याला व्यवहाराचीही बाजू आहे. आपल्या वस्तीतल्या पोराने हात उचलला की भांडण कोणी उकरले हे न पाहता त्याचे नाव आधी लिहिले जाते, हा अनुभव अनेकांना आहे. स्वतःचा बचाव करण्याचा अधिकार पूर्वीच्या दंड संहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. पण बचावासाठी लागते त्यापेक्षा जास्त इजा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. तेव्हा नुसते मारायला शिकवणारा क्लास आपल्या मुलांना संकटात लोटील. केव्हा मारायचे नाही, कुठून निसटायचे, ओरडून माणसे कशी गोळा करायची, हे शिकवणारा क्लास आपल्याला हवा. वयोवृद्ध बाबांना हे पटले. “मग आधी जाऊन बघून या,” ते म्हणाले.

बघून येणे हीच आपली रीत आहे. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका. कशाने भले होते आणि कशाने नुकसान होते हे स्वतः पारखून घ्या. धम्माला जी कसोटी लावायची ती कराटेच्या क्लासला का लावू नये? आम्ही, आमच्या पत्नी, एसटीतून निवृत्त झालेले एक काका आणि त्या मुलीची आई असे चौघे महिनाभर संध्याकाळी फिरलो. चार ठिकाणे पाहिली. प्रत्येक ठिकाणी एक पूर्ण तास बसलो.

पहिले ठिकाण स्टेशन रोडवर. काचेचे दार, आत एसी, भिंतीवर करंडकांची रांग. क्लास चालू असताना पालकांनी आत बसायचे नाही, असा तिथला नियम होता. आम्ही कारण विचारले तर “मुलांचे लक्ष विचलित होते,” असे सांगण्यात आले. दुसरा क्लास शाळेच्या मैदानावर. फी अगदी कमी, पण साठ-सत्तर पोरे आणि शिकवणारे सर एकटेच. हातात वेताची छडी. मागच्या रांगेतली लहान पोरे चुकीचेच हात-पाय हलवीत होती, त्यांच्याकडे तासभरात कोणी फिरकले नाही. तिसरी होती कुस्तीची तालीम. वस्ताद मनाने उमदे, मेहनत करून घेणारे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले ते याच खेळात. पण मुलींची सोय तिथे नव्हती, आणि आम्हाला मुलगे-मुली दोघांसाठीही जागा हवी होती.

चौथा क्लास एका समाजमंदिराच्या हॉलमध्ये. शिकवणारी बाई तिशीची, मदतीला तिचीच एक मोठी विद्यार्थिनी. पंचवीस-एक मुले. आम्ही दारात दिसताच तिने खुर्च्या दिल्या आणि शिकवणे तसेच चालू ठेवले. तिथे आम्ही एक गोष्ट पाहिली. एक जाडसर मुलगा धावण्यात सारखा मागे पडत होता. बाकीची पोरे हसली. बाईंनी क्लास थांबवला, हसणाऱ्यांना ओरडल्या नाहीत, त्या मुलाबरोबर स्वतः एक फेरी धावल्या आणि पुढचा पाठ सुरू केला. काका आमच्या कानात म्हणाले, “बघितलंत? झालं आपलं काम.” क्लास पाहायला गेलात तर सगळ्यात हुशार पोराकडे पाहू नका. सगळ्यात कच्च्या पोराला तिथे कसे वागवतात ते पाहा. आपले मूलही एखाद्या दिवशी त्या जागी असणार आहे.

मारणारा मास्तर कडक असतो आणि कडक मास्तर चांगला असतो, हा आपल्याकडचा जुना समज सोडून दिला पाहिजे. छडी खाल्लेले पोर बचाव शिकत नाही, आपल्याहून लहान पोरावर हात उगारायला शिकते.

आता पैशांचा हिशेब. आम्ही बी.कॉम. झालो आणि आयुष्यभर आकडेच मांडले, म्हणून हे सांगण्याचा अधिकार घेतो. फलकावर ‘फक्त ६०० रुपये महिना’ लिहिलेले असते. उदाहरणादाखल मांडून पाहा. महिन्याचे ६०० म्हणजे वर्षाचे ७,२००. प्रवेश फी ५००. ड्रेस ९००. वर्षात चार बेल्ट परीक्षा, प्रत्येकी ७०० धरल्या तरी २,८००. एखाद्या स्पर्धेची फी ६००. बेरीज १२,००० होते. ६०० चे महिना १,००० झाले. दोन मुले असतील तर २४,०००. म्हणून पहिल्याच दिवशी एका कागदावर सगळे लिहून मागावे : फी किती, परीक्षा वर्षातून किती, परीक्षा न देता शिकता येते का, ड्रेस बाहेरून घेतला तर चालतो का, मूल मध्येच सोडले तर पैसे परत मिळतात का. ज्याचा व्यवहार स्वच्छ आहे तो लिहून देतो. वर्षाची फी एकदम भरू नये. महिन्याची भरावी आणि पावती घ्यावी. पहिले दोन-चार दिवस मुलाला तसेच बसू देतात का, हेही विचारावे.

बेल्टबद्दल दोन शब्द. या रंगीत पट्ट्यांचे मुलांना फार आकर्षण असते आणि काही क्लास त्यावरच चालतात. ही पद्धत काही हजारो वर्षांची नाही. जपानमधील शिक्षक जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युडोची शाळा काढली. काळ्या पट्ट्याची पद्धत ज्युडोतून पुढे कराटेत आली. ओकिनावा बेटावरचे कराटे १९२२ साली तोक्योत दाखवणारे गिचिन फुनाकोशी हेही पेशाने शाळामास्तरच होते. काळा पट्टा देणारी सरकारी परीक्षा नाही. प्रत्येक संघटना आपापले पट्टे देते. त्यामुळे वर्ष-दीड वर्षात ब्लॅक बेल्टची हमी देणारा क्लास पट्टा विकतो आहे, असे समजावे. एका क्लासचा काळा पट्टा दुसरीकडे पांढऱ्याच्या तोलाचाही नसतो.

प्रमाणपत्राचेही तेच. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे ‘आमचे प्रमाणपत्र नोकरीला चालते’ असे सांगून पालकांना भुलवले जाते. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र चालत नाही. खेळ आणि स्पर्धा दोन्ही मान्यताप्राप्त लागतात आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. ‘राष्ट्रीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ हे शब्द कोणीही छापू शकतो. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारावे, तिथे विचारायला पैसे पडत नाहीत. मुलाला खेळाडूच करायचे असेल तर आणखी एक ध्यानात घ्यावे. ज्युडो १९६४ साली ऑलिंपिकमध्ये आला, तायक्वांदोची पदके २००० पासून सुरू झाली, महिलांचे बॉक्सिंग २०१२ पासून. कराटे मात्र २०२१ साली झालेल्या तोक्योच्या स्पर्धेत एकदाच खेळले गेले, २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत नव्हते. स्वसंरक्षण आणि व्यायाम यांसाठी यातले काहीही चालेल. तिथे कलेपेक्षा शिकवणारा महत्त्वाचा.

आपल्या समाजाला भावणारी एक गोष्टही काही क्लासच्या पत्रकात असते. भारतीय भिक्खू बोधिधर्माने शाओलिन विहारात ही विद्या शिकवली, म्हणून ही मूळ आपलीच, असे त्यात लिहिलेले असते. वाचून छाती फुगते. पण बाबासाहेबांनी आपल्याला पुरावा मागायला शिकवले आहे. चीनमधील शाओलिन विहार इसवी सन ४९५ च्या सुमारास एका भारतीय भिक्खूसाठी बांधला गेला, अशी तिकडची परंपरा आहे. तो भिक्खू बोधिधर्म नव्हे. तिथल्या भिक्खूंनी ६२१ साली एका लढाईत भाग घेतल्याची नोंद शिलालेखात आहे. बोधिधर्माचे नाव मात्र अशा व्यायामाशी सतराव्या शतकातल्या एका पुस्तकाने जोडले. त्याच्या आधीच्या नोंदींत ते नाही. बौद्ध भिक्खूंचा या विद्येशी संबंध होता एवढे खरे आहे आणि तेवढे पुरे आहे. आपल्या भावनेला हात घालून कोणी प्रवेश फी मागत असेल तर सावध असावे.

काही पालक विचारतात, कराटेत सारखे वाकून नमस्कार करतात, ते आपल्याला चालेल का? आम्ही पाहिले, तिथे विद्यार्थी वाकतो तसा शिक्षकही विद्यार्थ्यापुढे वाकतो. हा परस्परांचा आदर आहे, त्यात आपल्याला अडचण वाटू नये. पण कुठे मूर्तीची पूजा-आरती सक्तीची असेल, तर आपल्या घराला बावीस प्रतिज्ञा आहेत हे नम्रपणे पहिल्याच दिवशी सांगावे. समजूतदार शिक्षक मुलाला मोकळीक देतो. आडनाव ऐकून ज्याचा चेहरा बदलतो, तिथून मुकाट्याने नव्हे, कारण सांगून बाहेर पडावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलांची सुरक्षितता. या शिक्षणात अंगाला हात लावून शिकवावे लागते. म्हणून शिकवणे उघड्यावर, सर्वांसमोर हवे. बंद खोलीत एकट्या मुलाला किंवा मुलीला ‘खास शिकवणी’ नको. मुली असतील तर बाई शिक्षक किंवा निदान मोठी सहायिका असावी. कपडे बदलायला आडोसा आणि स्वच्छ संडास आहे का, ते आपल्या डोळ्यांनी पाहावे. ज्या क्लासला पालकांनी बसलेले चालत नाही, तो क्लास कितीही नावाजलेला असो, आम्ही त्याला बाद धरतो. ‘सरांनी सांगितले घरी बोलू नको’ असे मूल म्हणाले तर त्याच क्षणी क्लास बंद करावा. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्ध २०१२ चा पोक्सो कायदा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असावा. आपल्या पोटच्या पोरावर विश्वास ठेवणे हे आईबापाचे पहिले कर्तव्य आहे.

दुखापतीचेही पाहावे. पडायचे कसे, हे आधी शिकवतात का? खाली मॅट आहे की नुसती फरशी? डोक्यावर मारायची मनाई आहे का? वाढत्या वयात हाडांची टोके कोवळी असतात, त्यामुळे कौले फोडणे, मुठीवर जोर काढणे असले प्रकार लहान मुलांकडून करून घेऊ नयेत. खेळताना डोक्याला मार लागून मूल गांगरले किंवा ओकले तर त्या दिवशी खेळ बंद आणि आधी डॉक्टर.

आम्ही त्या चौथ्या क्लासच्या बाईंना विनंती केली आणि त्या आठवड्यातून दोन संध्याकाळी आमच्या विहाराच्या हॉलमध्ये शिकवू लागल्या. फी त्यांनी ठरवली, आम्ही घासाघीस केली नाही. ज्यांना पूर्ण देणे जमत नाही त्यांची अर्धी फी विहार समिती भरते. आयांनाही शिकता येते. सहा जणी येतात, पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला बांधून. सतरा मुले सुरू झाली होती, त्यातली अकरा टिकली. नववीतली ती मुलगी आता दहावीत आहे. ती आणि तिची आई दोघीही येतात. इतक्या महिन्यांत तिने कोणाला चापटसुद्धा मारलेली नाही. पण आवाज मोठा झाला आहे. बाईंनी पहिल्याच आठवड्यात सर्वांना पोटातून ओरडायला शिकवले, तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आता ती आणखी दोन मैत्रिणींबरोबर पूल ओलांडून अभ्यासिकेत जाते. चौकीतल्या अर्जानंतर पुलावर पोलिसांची फेरीही सुरू झाली, हेही तितकेच खरे.

कराटे शिकल्याने छेडछाड बंद होते, असा आमचा दावा नाही. रस्ता सुरक्षित ठेवणे ही मुलीची एकटीची जबाबदारी नाही. म्हणून त्याच क्लासला आम्ही मुलगेही आग्रहाने घातले. मुलीशी जोडी लावून सराव करताना, ती ‘थांब’ म्हणाली की हात जागेवर थांबवायचा, हा तिथला नियम आहे. पुलावर उभे राहणाऱ्या पोरांना हा नियम लहानपणी कोणी शिकवला असता तर नववीतल्या मुलीची पुस्तके मिटली नसती.

ज्यांना फी परवडत नाही त्यांनी मुलीच्या सरकारी शाळेत चौकशी करावी. सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण नावाची तीन महिन्यांची योजना आहे. आपल्या शाळेत ती राबवली जाते का, हे पालक सभेत उभे राहून विचारावे. आणि प्रत्येक विहाराच्या समितीने एकदा आपल्या हॉलकडे पाहावे. रविवारच्या वंदनेनंतर तो किती संध्याकाळी कुलूपबंद असतो? चार सतरंज्या किंवा मॅट, एक पारखून घेतलेला शिक्षक आणि दाराशी बसणाऱ्या दोन आया एवढे असले तर क्लास सुरू होतो.

जय भीम.